कुणाचा कचरा कुणाच्या नावावर

शुक्रवार, २५ जुलै
श्रावण सुरू. माझंही नवं पर्व सुरू. १७ ऑगस्टला चाळ कमिटीची निवडणूक. सेक्रेटरीपदाला चार वेळा उभा राहिलो, चारही वेळा पडलो, कारण माझ्याकडे मुद्दा नव्हता. आता आहे. पर्यावरण! नूपुर (आमची कन्या) लोअर परळच्या ऑफिसात बसून देशोदेशींचं प्रदूषण मोजते. कोण किती बनवतो, कोण किती वापरतो, सगळं. लेक देश मोजते, तर बाप निदान चाळ मोजेल. शिवाय वजनमापे खात्यात माझी चौतीस वर्षं गेली. आवक-जावकच्या टेबलावर गेली, पण गेली खात्यातच.

हितेंद्रला (दुसरा मजला, सध्याचा सेक्रेटरी) अजून पत्ता नाही. तो सगळ्यांशी हसून बोलतो. इतकं हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

शनिवार, २६ जुलै
भंगारवाल्याकडून हुकाचा काटा आणला. खात्री करायला किलोभर साखर लटकवली. नऊशे चाळीस ग्रॅम! तडक वाण्याला जाब विचारला. त्याने स्वतःच्या काट्यावर ठेवली, बरोबर किलो भरली. म्हणजे वाणी आणि भंगारवाला यांचं साटंलोटं आहे. सुचित्रा म्हणाली, अहो, तुमचाच काटा खोटा असेल. बायकोही फितूर.

सोमवार, २८ जुलै, सकाळी ७
चाळीच्या फळ्यावर नोटीस लिहिली. रोज प्रत्येक मजल्याचा ड्रम मोजला जाईल, ज्याचा कचरा जास्त तो मजला पर्यावरणाचा गुन्हेगार.
पहिला मजला १८ किलो. दुसरा २३. तिसरा (आमचा) १६. अपेक्षेप्रमाणे.
हितेंद्र म्हणाला, काका, मस्त आयडिया, कमिटीतर्फे हातमोजे देऊ का? नको म्हटलं. त्याच्या हातमोज्यांत काय असेल सांगता येत नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट
काहीतरी शिजतंय. पहिला मजला १३ वर आला, दुसरा १७ वर. आमचा २२! ड्रम उपसून पाहिला. कोळंबीची सालं. श्रावणी सोमवारी! तिसऱ्या मजल्यावर सगळी बिऱ्हाडं श्रावण पाळतात. म्हणजे खालचे लोक खातात आणि सालं वर आणून टाकतात. पोटमाळ्याच्या जिन्यात तासभर दबा धरून बसलो. डास चावले, कोणी आलं नाही. बातमी फुटली असणार.

नूपुरला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, बाबा, देश हेच करतात. आपले कारखाने बंद करायचे, माल दुसरीकडे बनवून घ्यायचा, आणि वर सांगायचं, बघा आमची हवा किती स्वच्छ. म्हणून कुठे बनलं एवढंच बघून चालत नाही, वापरलं कोणी तेही बघायचं. मी म्हटलं, देशांचं राहू दे, कोळंबी कोणी खाल्ली ते बोल.

मंगळवार, ५ ऑगस्ट
दुसऱ्या मजल्याचा मुख्य गुन्हेगार सापडला. गंगुबाई. नारळीपौर्णिमेच्या ऑर्डरी घेऊन खोबऱ्याच्या वड्या करतात, करवंट्यांचा हा ढीग. नाव फळ्यावर लिहिलं. बाई कंबरेला पदर खोचून वर आल्या. म्हणाल्या, वडये खातास तुमी, आणि कचरो माझ्या नावार कित्याक? मी शांतपणे समजावलं, की कचरा जिथे होतो तिथला. त्या म्हणाल्या, बरा, बघतंय. धमकीच ही.

गुरुवार, ७ ऑगस्ट
सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात करवंट्या. वर चिठ्ठी: माधव पाटकर, वड्या दोन किलो. ज्या ज्या घरची ऑर्डर, त्या त्या दारात करवंट्या. बऱ्याचशा ऑर्डरी तिसऱ्या मजल्याच्याच निघाल्या. सुचित्राने आपलीही दिली होती म्हणे. पण आम्ही वड्या फक्त खाल्ल्या. केल्या त्यांनी! गंगुबाईंना एवढं डोकं नाही. यामागे हितेंद्र आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
तिसरा मजला ३१ किलो. फळ्यावर लिहिलं नाही. खडू संपला होता.

रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ६
मॉर्निंग वॉक सुरू केला. जाताना तिसऱ्या मजल्याच्या दोन पिशव्या शेजारच्या बिल्डिंगच्या ड्रममध्ये ठेवल्या. तात्पुरती सोय. त्यांची बिल्डिंग मोठी आहे, त्यांना काय फरक पडतो?
वाटेत पहिल्या मजल्यावरचा रामू भेटला. त्याच्याही हातात पिशवी. पूजेची फुलं आहेत म्हणाला. पिशवीतून पाणी गळत होतं. मी काही विचारलं नाही. त्यानेही नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट
खाली हंडीचा डीजे, वर माझा आनंद. पहिला ९, दुसरा ८, तिसरा ५. एकूण २२! सुरुवातीला ५७ होते. तीन आठवड्यांत जगातल्या कुठल्या देशाला जमलं नसेल. भाषण तयार. तिसऱ्या मजल्याची पंधरा मतं खिशात.
नूपुरला आकडे दाखवले. तिने विचारलं, लोकांनी नेमकं काय खायचं सोडलं? म्हटलं, जनजागृती झाली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ही नजर आईकडून आली आहे.

रविवार, १७ ऑगस्ट, संध्याकाळी ७
भाषण झालं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगचे नाना आले, हातात वही. तेही मोजत होते! त्यांचा कचरा रोज पस्तीस किलोने वाढलाय. आमचा पस्तीसने कमी. सगळे फरशीकडे बघायला लागले. तिन्ही मजले. पण नानांनी त्यांच्या ड्रममध्ये सापडलेलं एक पाकीट काढलं, आणि त्यावर नाव एकट्या माझं. लाइट बिल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
हितेंद्रने नानांना चहा पाजला, उद्यापासून आमचं आम्ही बघू म्हणाला. मग चिठ्ठ्या टाकल्या. नूपुरने मोजल्या. हितेंद्र पंचेचाळीस. मी दोन.
एक माझी. दुसरी सुचित्राची. चला, घरचं माणूस तरी आपलं.

सोमवार, १८ ऑगस्ट
सुचित्राला थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, मी हितेंद्रला दिलं, पाण्याची मोटर तोच दुरुस्त करून आणतो.
मग दुसरी चिठ्ठी कोणाची? मजल्यावर दारोदार विचारलं. सगळ्यांना एकदम कामं आठवली. नळावर हितेंद्र भेटला. हळूच म्हणाला, काका, माझी होती. दर वेळी तुम्हाला एकच मत पडतं, बरं नाही वाटत.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुपारी जेवलो नाही. यात त्याचा काय डाव असेल याचा संध्याकाळपर्यंत विचार केला. काही सापडलं नाही.