वाफेच्या इंजिनाला पाडलेली भोकं

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मीही आता रिटायर झालोय. घरबसल्या काय करतो विचारशील, तर आगगाडीचं छोटं इंजिन बनवलंय. हातभर लांब, खऱ्या वाफेवर चालणारं, वरून गुळगुळीत पितळी पत्र्याचं, वारा कापत जाणाऱ्या निमुळत्या तोंडाचं. ते तोंड पहिल्यांदा ठोकलं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, हा तर दुधीभोपळा!" तिसऱ्या खेपेला जमलं. पत्र्याखालचं उघडं इंजिन गच्चीवरच्या रुळांवर झकास पळालं. वर पत्रा चढवला आणि दोन हातांवर जाऊन थांबलं. आतला स्पिरिटचा दिवा हवेविना विझत होता.

"भोकं पाड," बायको म्हणाली.

"दीड महिना घासलाय मी तो पत्रा!"

"मग शोकेसमध्ये ठेव ना."

दोन दिवस मी त्या इंजिनाकडे बघितलं नाही. तू भांडुपच्या रेडिओ कारखान्यात दिवसभर तारांना डाख देऊन मुलुंडला परतायचीस, ते दिवस आठव. मी नववीत आहे. स्वतः केलेला रेडिओ ओट्यावर ठेवतो, सागवानी खोका, चकचकीत पॉलिश. तू पोळ्या लाटता लाटता म्हणतेस, "दिसतो छान रे. बोलत का नाही?" पॉलिश जाईल म्हणून मी मागची फळी उघडू देत नाही. तू पिठाच्या हातांनीच ती उचकटतेस. "आधी चालतं कर, मग नटव." मी रडकुंडीला आलो होतो. आत एक डाख कच्चा निघाला. तो तू स्वतः दिला नाहीस. पोळपाट सरकवून जागा केलीस, मला बसवलंस आणि मी तो देईपर्यंत तव्यावरची पोळी करपू दिलीस.

तिसऱ्या दिवशी ड्रिल घेतलं. पहिलं भोक जिवावर आलं, पुढची तीस भराभर पाडली. रविवारी सकाळी अर्धी सोसायटी गच्चीवर होती. इंजिन फुसफुसलं, हललं आणि पाणी संपेपर्यंत गोल गोल धावलं. शेजारच्या मालवणी काकू ओरडल्या, "माझ्या कुकरापेक्षा बरी शिटी मारता हां!" मी साठीचा माणूस, चक्क टाळ्या पिटत उड्या मारत होतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? हत्यारांच्या खणात राहील. रविवारी रात्री खाली सोसायटीत सगळ्यांना मी ऐटीत सांगितलं, "आईचं वाक्य आठवलं म्हणून भोकं पाडली." खोटं आहे गं. पाडली ती बायकोचं ऐकून. तो रेडिओ मला त्याच संध्याकाळी, सगळं पार पडल्यावर हात धुताना आठवला. गच्चीवर तर तुझी एकदाही आठवण आली नाही, इतका खूश होतो.