दीमा इर्बिदलाच राहील

इर्बिद,
१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय गस्सानदादा,

तुला आणि वहिनीला सलाम. वहिनीच्या गुडघेदुखीला उतार पडला का? इकडे ऑलिव्ह उतरवायला सुरुवात झालीय, तुमचा तेलाचा डबा बाजूला ठेवलाय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून अकाबाच्या बसवाल्याच्या हाती देतेय.

शुक्रवारी गाडी घेऊन दीमाला न्यायला येतोयस म्हणे. ये, मकलूबा करते, पोटभर जेव. पण मुलगी मिळणार नाही. साऱ्या गोतावळ्याला ‘पोट बिघडलंय’ म्हणून सांगितलंस. पोट कसलं रे! तुझ्या वीस वर्षांच्या पोरीनं जीव द्यायचा प्रयत्न केला आणि ती वाचली. एकदा तरी तोंडानं म्हण.

‘नुसत्या गप्पा तर मारायच्या, आठवड्यातून दोनदा जायचं कशाला? फोनवर मारा की!’ असं म्हणालास. ऐक मग. त्या समुपदेशन केंद्रात आधी प्रश्न विचारतात आणि कुणाला किती आधार लागेल ते उत्तरांवरून ठरवतात. ज्याचं थोडक्यात भागेल त्याला पंधरा दिवसांतून एक फोन. त्याहून अवघड असेल तर दर आठवड्याला गटात बसायचं. आणि ज्याच्या जिवालाच धोका, त्याला आठवड्यातून दोनदा एकच समुपदेशक, समोरासमोर, मधल्या दिवसांत रोज चौकशी. ऑगस्टमध्ये दीमाच्या वाट्याला आला पंधरवड्याचा फोन. सप्टेंबरात काय झालं ते तुला ठाऊक आहे.

तू केंद्राला शिव्या घालतोस. मीही घातल्या, तिच्या समुपदेशक हनादीबाईंसमोर हात नाचवून. त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं. चुकलं माझं.’

ऑगस्टात ते प्रश्न विचारले तेव्हा मीच आत बसले होते, दादा. त्यांनी विचारलं होतं, ‘आम्ही दोघीच बोलू का?’ मी म्हटलं, ‘आमच्या घरच्या मुली अशा एकट्या बसत नाहीत.’ झोप लागते का? अल्हम्दुलिल्लाह. जेवण जातं का? अल्हम्दुलिल्लाह. जगूच नये असं वाटतं का कधी? पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. मग तिथेही तिनं देवाचे आभारच मानले. आत्याची लाज राखली तिनं! महिनाभर हे तुझ्यापासून लपवलं. मला माझीच शरम वाटते.

आता ती सोमवारी आणि गुरुवारी जाते. मी बाहेरच्या बाकावर शिवण घेऊन बसते. आत काय बोलली ते विचारायला जीभ वळवळते, पण विचारत नाही. तू तिला अकाबाला नेलंस की वहिनी, मावश्या, शेजारणी सगळ्या तिच्या उशाशी ठाण मांडतील आणि पोर पुन्हा सगळ्यांची मनं राखत बसेल. त्यात एक दिवस हातची जाईल.

बाप आहेस, तुझा हक्क मोठा, मान्य. मी धाकटी, आजवर तुला उलटून बोलले नाही. आज बोलतेय. रागाव, नातं तोड, काय करायचं ते कर. मी दारातून हलणार नाही.

काल तिला विचारलं, ‘बाबांना तुझ्याकडून काय लिहू?’ तिनं चहाचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘लिही, मला बरं नाहीये. आणि गुरुवारी मला जायचंय.’

शब्द तिचेच आहेत. मी एकही बदललेला नाही.

या वेळी तुझं न ऐकणारी,
तुझीच बहीण,
इन्शिराह