एक्याऐंशी दिवे आणि पुसट आई

पिंपळे गुरव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. शेखर यास ताईचे आशीर्वाद (या वेळी जपून वापरावेत).

परवा रविवारी, १६ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या कॅमेऱ्याने आपल्या आईला ओळखायला नकार दिला. तुझी प्रकृती बरी असेलच. रविवारी कामाला बसण्याइतकी होती, असं समजलं. सौ. वर्षालीची सर्दी गेली असावी. आईचा गुडघा होता तसाच आहे. माझा रक्तदाब मात्र वाढला असून त्याचं कारण पुढे येईल.

आईचं सहस्रचंद्रदर्शन काही दरवर्षी येत नाही. तू माण गावात राहतोस, म्हणजे हिंजवडीचा ट्रॅफिक धरूनही तासा-दीड तासाच्या वाटेवर. पण नेमक्या त्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कुणा क्लायंटचं काहीतरी सुरू व्हायचं होतं, म्हणून तू आला नाहीस आणि स्वतःऐवजी कॅमेरा पाठवलास. तोही पार्सलवाल्याच्या दुचाकीवरून. "फोनवर आई प्लास्टिकची दिसते, ताई. जुन्या टेपच्या कॅमेऱ्यात माणूस माणसासारखा येतो. सगळं ऑटोवर आहे, तू फक्त लाल बटण दाब," हे तुझे शब्द. मी दाबलं. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सांगितलेलं ऐकायला शिकवलं. त्या शिक्षणातली ही एकच उणीव.)

पाच जणींनी परातीतल्या एक्याऐंशी दिव्यांनी आईला ओवाळायला घेतलं. तुझ्या कॅमेऱ्याने आधी दिवे पाहिले, मग आईला, मग पुन्हा दिवे. परात फिरेल तसा तो जत्रेत चुकलेल्या पोरासारखा इकडून तिकडे भांबावून बघत राहिला आणि शेवटी दोघांचाही नाद सोडून भिंतीवर जाऊन बसला. मला यातलं काही कळलं नाही, कारण डोळ्याजवळची बारीक दांडी फिरवून मी चित्र माझ्यापुरतं बरं करून घेतलं होतं. ती दांडी बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबरासाठी असते, लेन्ससाठी नव्हे, हे सांगायला तुला सुचलं नाही.

रात्री टेप टीव्हीला लावली. आई म्हणजे पांढऱ्या साडीतलं धुकं. दिवे म्हणजे पिवळे डाग. आणि तिच्या डोक्यामागे, भिंतीवर, पदवीदानाचा काळा झगा घातलेला तू! सोनेरी चौकटीची नक्षीसुद्धा मोजता यावी इतका स्वच्छ. शेजारच्या सुमनताई (यांच्या शेतावर आपली सोसायटी उभी आहे, म्हणून त्यांना सगळं बोलायचा हक्क) बराच वेळ बघून म्हणाल्या, "शेकरचा फोटू लई झ्याक आलाय. पन म्हातारी कुठं हाय?" समारंभाला जो एकच जण आला नाही, तोच तेवढा त्यात स्पष्ट दिसतो, हा प्रकार माझ्या पाहण्यात पहिलाच.

बॅगेच्या तळाशी माहितीपुस्तक सापडलं, प्लास्टिकमधून कधीच न काढलेलं. (आपल्या घराण्यातल्या पुरुषांना ते वाचणं कमीपणाचं वाटतं.) मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. ऑटो म्हणे ठळक कडा शोधतो. उजेड कमी असला किंवा मध्ये काही हललं, की त्याची अक्कल संपते. तेव्हा ऑटो बंद करायचा, झूमने चेहरा अगदी जवळ आणायचा, लेन्सभोवतीची कडी फिरवत तो स्वच्छ करायचा, मग झूम मागे घ्यायचा आणि कुणी जागचं हलायचं नाही. जुना कॅमेरा लांबचं बारीक टिपत नाही, त्यामुळे माणसाजवळ जावं लागतं. हे शेवटचं वाक्य तू दोनदा वाचावंस.

काल सकाळी आईला पुन्हा तीच साडी नेसवून खिडकीशी बसवलं. "आता काय परत एक्याऐंशीची होऊ?" म्हणाली, पण बसली. तिच्या कुंकवाच्या कडेवर फोकस धरला, आणि काय सांगू, पापणी न् पापणी आली. मी समाधानाने टेप बघायला बसले आणि मग मला दिसलं. आई कॅमेऱ्याकडे बघतच नाही. बाहेर लिफ्टचं दार वाजलं की तिची नजर आपल्या दाराकडे जाते आणि परत येते. दर वेळी. रविवारीही तेच चाललं असणार. धुक्यात कुणाला दिसतंय?

असो. "सगळं ऑटोवर आहे" हे तू कशाच्या आधारावर म्हणालास, याचा खुलासा शुक्रवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत लेखी हवा. फोनवरचं तुझं "बघतो, ताई" चालणार नाही.

तुझी,
मंजुषाताई

ता. क. टेप कुरिअरने मिळणार नाही. ती तुझ्या लॅपटॉपमध्ये चालत नाही, फक्त या कॅमेऱ्यात चालते, आणि कॅमेरा माझ्या कपाटात आहे.

ता. क. आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, लेखी-बिखी तुझ्या बहिणीचं खूळ आहे, जेवायला काय करू ते कळव.

ता. क. कपाटाचं खोटं लिहिलं. कॅमेरा तिपाईवर लावलेला आहे, टेपवर थोडी जागा शिल्लक आहे, आणि फोकस मी हाताने आपल्या उंबऱ्यावर धरून ठेवला आहे. तिथे उभा राहिलास तरच स्पष्ट येशील.