तुझी बुटकी सायकल

खालचा टोला, दरेकसा
४ फेब्रुवारी २००३

चि. रत्नपाल यास अल्काताईचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. आई गेल्यापासून एकटीचाच स्वयंपाक. मेली भाजी कितीही कमी केली तरी उरतेच. तू नागपूरचं सायकलदुकान सोडून भिलाईले चालला, अन् दरेकशाले उतरणार नाही म्हणतोस! गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात काय तुझं नाक पाहू? बरं, तेवढंच. तीन वर्षं झाली तुले पाहून.

पण अंगणवाडी बाराले सुटते, गाडी साडेबाराची. मदतनीस रजेवर, लेकरं सोडून आधी निघता येत नाही. अन् तू ठेवून गेलेली ती बुटकी बीएमएक्स मी चालवून राहिली! स्टेशनाले चाळीस मिनिटं लागतात. पाय गरगर फिरतात, सायकल काही सरकत नाही. काऊन? मिस्त्री ना तू, सांग.

आहे ती माया आटू देऊ नको.
तुझी अल्काताई

नागपूर
११ फेब्रुवारी २००३

ती. अल्काताईस रत्नपालचा सविनय जयभीम.

ताई, तुझ्या पायात खोट नाही. चाकं लहान, म्हणून पेडलच्या एका फेऱ्यात ती थोडीच जाते. काट्यांचे जाड टायर रस्ता धरून बसतात. गुळगुळीत टाक, हवा टणक भर. सीट वर घे, चेनला तेल दे. मुख्य म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक. ते मोठं, तर एका फेऱ्यात जास्त अंतर. छत्तीस दात्यांचं काढून टाक; अठ्ठेचाळीसचं आणि लांब चेन पार्सलने धाडली आहे. सालेकशाच्या शालीकराम मिस्त्रीकडून बसवून घे. पंचवीस मिनिटांत पोचशील, लिहून ठेव.

अठ्ठावीसला निघतो. संध्याकाळी नव्या कामावर हजर झालो नाही तर जागा जाईल, म्हणून उतरता येत नाही. डब्याच्या दारातच उभा राहीन.

लोभ आहेच, तो वाढव.
रत्नपाल

भिलाई
२ मार्च २००३

ती. ताईस जयभीम.

तू आली नाहीस. मी फलाटावर उतरून उभा होतो, गाडी हलल्यावर पळत चढलो. गार्डने दटावलं. राग आला ना? इथं खोलीत बोलायला कोणी नाही गं. शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

तुझाच रत्नपाल

खालचा टोला, दरेकसा
९ मार्च २००३

चि. रत्नपाल यास सप्रेम जयभीम.

राग कायचा रे, वेड्या? शालीकरामने आदल्या सांजेले तुझं दातेरी चाक बसवून दिलं. टोल्यातल्या सपाट रस्त्यावर सायकल अशी पळाली, की लेकरं टाळ्या पिटत मागं धावली. त्या दिवशीही अर्धा रस्ता भुर्रकन गेली. मग नाल्यापलीकडचा चढ लागला. पेडल दाबते, तर दबतच नाही! उभी राहून जोर लावला, शेवटी उतरून ढकलत नेली. वर पोचली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला. तुझ्यासाठी आणलेले लाखोरीच्या डाळीचे वडे तिथंच बसून खाल्ले, रडत रडत.

शालीकराम म्हणे, मोठं चाक सपाटीले. चढावर लहानच पाहिजे, हे कोणत्याही मिस्त्रीले ठाऊक असते. मी त्याले सांगितलं, माझ्या भावाले सारं ठाऊक आहे. चढ तेवढा आठवला नाही. दहा वर्षं त्याच चढावरून शाळेत गेलास रे तू.

जुनं चाक परत बसवलं. एक विचारते, खरं खरं लिही: आपल्या घराचं दार कोणत्या दिशेले आहे, ते तरी आठवते का तुले?

उत्तराची वाट पाहून राहिलेली,
अल्काताई