कागदावर एक नाव हवं

प्रिय बाईसाहेब,

हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या जहाजाचा इलेक्ट्रिशियन. त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस. आत घे आणि आधी जेवायला वाढ. सात महिने आम्ही भात आणि डब्यातले मासे यांवर काढलेत, त्यामुळे तो नको नको म्हणेल आणि तीनदा वाढून घेईल. त्याला खोदून खोदून विचारू नकोस. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची मी त्याला बंदी घातलीय. ते माझं काम आहे.

इथे नक्की काय झालं हे तुला मी कधी धड सांगितलंच नाही. सिग्नल मिळतो तो जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, वाऱ्यात उभं राहून ओरडावं लागतं, आणि तुझा पहिला प्रश्न ठरलेला, कधी येतोस? मग बाकीचं सगळं राहूनच जातं. तर ऐक. मालक एका देशातला. जहाजावर झेंडा दुसऱ्याच देशाचा, आणि त्या देशाला म्हणे समुद्रच नाही! माल तिसऱ्याचा, आम्ही बाराजण पाच देशांतले, आणि अडकलो भलत्याच बंदराबाहेर. मालकाने हात वर केले, कोर्टाने जहाज जप्त केलं, झेंडेवाले मालकाकडे बोट दाखवतात आणि मालक फोन उचलत नाही. किनारा इतका जवळ आहे की शाळा सुटल्यावरचा पोरांचा गलका ऐकू येतो. पण तिथे पाय ठेवायचा नाही.

डिझेल संपत आलंय. जनरेटर सकाळी तासभर चालवतो, तेवढ्यात फोन चार्ज करायचे, भात शिजवायचा, पाणी वर चढवायचं. पिण्याचं पाणी रविवारच्या बोटीने येतं, माणशी बाटल्या मोजून. याची सवय होते गं. सवय होत नाही ती नांगराची. इंजिन बंद आहे, त्यामुळे नांगर सुटला तर आम्हाला अडवणारं काहीच नाही, सरळ खडकांवर. म्हणून मी दर दोन तासांनी जाऊन साखळीवर हात ठेवतो. साखळी गप्प असली की ठीक. थरथरली, की समजायचं, खाली नांगर घसरतोय. मागच्या आठवड्यात दोनदा थरथरली. वादळाचे दिवस तोंडावर आहेत. मी कुणाला काही बोललो नाही, नुसता जास्त वेळा जायला लागलो.

आणि हे सगळं चालू असताना डोक्यात तू. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेला आता वीस दिवस उरलेत. ठमीच्या वेळी मी समुद्रावर होतो. आठ महिन्यांची झाल्यावर घरी आलो तर पोरीने मला बघून जे भोकाड पसरलं, ते शेजारीपाजारी गोळा होईपर्यंत थांबेना. तू हसलीस, पण स्वयंपाकघरात जाऊन रडलीस, मला कळलं होतं. तेव्हाच मी तुला शब्द दिला होता की पुढच्या वेळी काय वाटेल ते होवो, मी दवाखान्यात तुझ्याजवळ असेन. तू म्हणालीस, बघू. तुझं ते बघू मला अजून टोचतं.

सोमवारी तुला सांगितलं की सुटका झाली, येतोय, ते अगदी खरं होतं. कोर्टाने अकराजणांना सोडलं, त्यांत माझं नाव होतं. इथला नियम असा, की जप्त जहाज रिकामं ठेवता येत नाही. रखवालदार म्हणून एका अधिकाऱ्याचं नाव कागदावर हवं, आणि जहाज विकलं जाईपर्यंत त्या माणसाने जहाज सोडायचं नाही. ते नाव कप्तानाचं होतं. बासष्ट वर्षांचा म्हातारा. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, दोघांच्या मोडक्या इंग्रजीवर आमचा संसार चालला होता. माझे केस तोच कापायचा. इतके वाईट कापायचा की तू मला घरात घेतलं नसतंस.

आज सकाळी तो आम्हाला निरोप द्यायला शिडीपाशी आला आणि छाती धरून खालीच बसला. अंग घामाने निथळत होतं, ओठ काळे पडलेले. आम्ही त्याला उचलून बोटीत ठेवायला निघालो तर बंदराचा एजंट मधे आला. याचं नाव कागदावर आहे, म्हणाला, दुसरं नाव आल्याशिवाय याला उतरवता येणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो तरी काय करणार, हुकमाचा ताबेदार. अधिकारी म्हणून जहाजावर आम्ही दोघेच उरलो होतो, कप्तान आणि मी, इंजिनिअर. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

बाईसाहेब, मी सही केली. कुणी हात धरला नाही, कुणी विनवणी केली नाही. पेन हातात घेताना मला तू दिसत होतीस, ठमी दिसत होती, पोटातलं बाळही, आणि तरी केली. कप्तानाला लगेच नेलं, तो जिवंत आहे एवढंच कळलंय. त्यानंतर मी पुढच्या टोकाला जाऊन तुला फोन लावला, सगळं सांगायचंच असं ठरवून. तू म्हणालीस, ठमी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलीय, बाबा आल्याशिवाय उठणार नाही म्हणते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, निघालोच. ते खोटं होतं. खरं काय ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून पडू नये म्हणून हे पत्र. बाकीच्यांना न्यायला बोट तासाभरात येईल, मग इथे मी एकटा. जहाज विकायला किती दिवस लागतील असं एजंटला विचारलं. मागच्याला दोन वर्षं लागली, म्हणाला. दवाखान्यात जाताना तुझ्या भावाला बरोबर ने, एकटी जाऊ नकोस. रविवारी मी फोन करीन. तोंडाला येईल ते बोल, शिव्या घाल, पण उचल.

तुझाच,
मिस्त्री