ग्लोव्हजमधला आवाज

अड्याळ, ता. पवनी
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंदू,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त चालतं, तेव्हा काळजी नको. तलावाला यंदा पाणी चांगलं आहे. मोठी बहीण पत्र लिहायला बसली म्हणून तुला हसू येईल. पण फोनवर तू "हो ताई, ठीक ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदासमोर तुझं ते चालायचं नाही.

तुझी शेवटची मॅच झाली. पेपरातला फोटो आईनं देवाजवळ ठेवलाय. गावात जो तो विचारतो, आता चंदन घरी येणार का? मी म्हणते, त्यालाच विचारा. आईला तू म्हणालास ना, बाबांना माझा खेळ पाहवत नाही, मग येऊन काय करू? तीन वर्षं तू तेच धरून बसलायस. तू घरी आला होतास, माझ्या खुशबूनं तुझ्या शतकाचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं, घरात बसायला जागा नव्हती, आणि तू नव्वदीत असताना बाबा उठून बाहेर गेले. तू संध्याकाळच्या बसनं निघून गेलास.

त्याचं नंतर लिहिते. आधी तुझ्या खेळाचं लिहू दे, कारण ही शेवटची मॅच मी पाहायला आले होते. नागपूरला, जामठ्याच्या स्टेडियमवर, तुला न कळवता.

मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. लोक बॉलरकडे बघत होते, मी तुझ्याकडेच. दर बॉलला तू स्टंपमागे बसतोस, उठतोस. बहुतेक बॉल तुझ्यापर्यंत येतही नाहीत, तरी हा येणारच असं धरून तू पुन्हा बसतोस. नुसतं बघून माझं डोकं दुखायला लागलं आणि तू आपला तसाच. मग स्पिनरच्या वेळी तू स्टंपजवळ आलास. बॅट्समन जरासा पुढे गेला, आणि तो मागे वळून बघतो तर बेल्स खाली. हा आमचा चंदू? बाबा तलावातल्या डोंग्यातून मासोळ्या फेकायचे आणि जो काठावर उभा राहून झेलायचा, तोच हा? घट्ट धरलं की मासोळी सटकून परत पाण्यात, आणि वर बाबांच्या शिव्या. म्हणून तू तिच्याबरोबर हात मागे न्यायला शिकलास. त्याच हातांनी तू मागच्या वर्षी करंगळी मोडलेली असताना सातव्या नंबरवर येऊन दिवसभर बॅट धरलीस आणि हरलेली मॅच वाचवलीस. एवढं मोठं काही आपल्या घरातून निघालं, याचं मला अजून नवल वाटतं.

मी एकटी आले नव्हते. सोबत बाबा होते.

बाबांना दिसत नाही, चंदू. काचबिंदू झालाय. टीव्हीसमोरून उठले तेव्हाच एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यात धूर भरल्यासारखं होतं. शेजारचे विचारत होते, "सुखराम, पाह्यला का तो शॉट?" काय सांगणार होते ते? तू गेल्यावर त्यांनी मला आणि आईला शपथ घातली. "तो खेळते तोवर त्याले सांगाचं नाही. आयकलं तं सगळं सोडून येईल पोट्टा." मी खूप भांडले. पण ते कोणाचं ऐकतात? तूही त्यांच्यावरच गेलायस. आता तू ग्लोव्हज उतरवलेस, तशी माझी शपथ सुटली.

स्टँडमध्ये माणसं थोडी, त्यामुळे मैदानातला आवाज नीट येत होता. मी सांगायला लागले, बाबा, आता बॉलर धावून राहिला, तर म्हणाले, "तू चूप राय. मले आयकू दे." मान खाली घालून ऐकत बसले. समोरच्या टीमच्या शेवटच्या गड्याचा झेल तू घेतलास तेव्हा सगळे उठले. बाबा बसूनच होते, दुपट्ट्यानं तोंड पुसत.

जेवणानंतर आपली बॅटिंग आली. आता स्टंपमागे त्यांचा कीपर आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. एक-दोन बॉल गेले असतील, बाबांनी मान वर केली.

"हा आपला नोहे."

"काहून बाबा?"

"याच्या हातावर बॉल आपटते. चंदनच्या हातात तो जाते."

मला भीती वाटावी इतकं नवल वाटलं. घरात टीव्हीचा आवाज लहान करू द्यायचे नाहीत, ते का, हे मला तिथं कळलं. तुझी एकही मॅच त्यांनी सोडलेली नाही.

मी म्हटलं, चला, चंदूला भेटू. "नोको. चारचौघात त्याले रडवू नोको." परतताना बस भंडाऱ्याला आली. मग एकदम म्हणाले, "त्याची बोटं वाकडी झाली असन ना?"

मी म्हटलं, "फोटोत दिसतात. एकही सरळ नाही."

बाबांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

"मले दाखवजो म्हणा त्याले," म्हणाले.

तेव्हा ये. चेहरा दाखवायला उशीर झाला, त्याला आता इलाज नाही. हात दाखवायला अजून झालेला नाही.

बाबांचा आशीर्वाद मी या पत्रात लिहीत नाही. तो तू त्यांच्याच हातून घे.

तुझी ताई,
दीपमाला