लग्नाआधी दुखलेली दाढ

संगमनेर

तीर्थरूप आबा,

नमस्कार रीत म्हणून लिहिते. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका.

मी आता बरी आहे, मऊ भात गिळता येतो. लग्नाआधी दाढ ठणकत होती, तेव्हा भोरला दवाखान्यात न्या म्हणून मी तुमच्या पाया पडले होते. तुम्ही म्हणालात, "पाव्हण्यांना कळलं तर पोरीत खोट हाय म्हनतील. लवंग धर." लवंग धरूनच मी बोहल्यावर चढले.

परवा गाल सुजून डोळा मिटला, ताप चढला, तोंड उघडेना. मी पदराआड लपवत होते. सासूबाईंनीच पदर ओढला आणि तशीच मला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, "दुखायला लागली तेव्हाच आणली असती तर दाढ वाचली असती. आता सूज गळ्यात उतरली असती तर जिवावर बेतलं असतं." दाढ काढावी लागली.

सासूबाई मला पेज भरवतात. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते, ती तुमच्यामुळे.

तुम्ही गालात तंबाखू धरता तिथला पांढरा चट्टा गेला का? आई म्हणते, तिखट झोंबलं की तुम्ही ताटावरून उठता. मी डॉक्टरांना विचारलं. असा चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही तर दाखवायलाच हवा, म्हणाले.

दिवाळीला मला न्यायचं असेल तर आधी भोरच्या दवाखान्यात तोंड दाखवा. नाहीतर येऊ नका. मी तुमच्याबरोबर येणार नाही.

राग न गेलेली,
धनश्री